दोन रंगांची कार्डं

दिवाळीच्या फराळाला चार घरं एकत्र जमली की कधी ना कधी तो प्रश्न निघतोच. चकलीची बशी पुढे करता करता कुणीतरी सहज विचारतं, "मग, तुम्ही घेणार का सिटिझनशिप?" आणि पुढचा अर्धा तास मुलाच्या नॅशनल सर्व्हिसवर, गावाकडच्या जमिनीवर, आईवडिलांच्या व्हिसावर जातो. उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. "बघू, पुढच्या वर्षी."

हा लेख तुम्हाला सल्ला द्यायला लिहिलेला नाही. घ्यावं की न घ्यावं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. पण हाच प्रश्न याच बेटावर साठ-सत्तर वर्षांपूर्वी हजारो भारतीयांसमोर आला होता, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी तेव्हाही "बघू" असंच म्हटलं होतं. त्यांचं पुढे काय झालं, ती गोष्ट आपल्या घरांत फारशी कुणी सांगत नाही. आपल्यापैकी बहुतेक जण इथे आले ते त्यानंतर खूप उशिरा, त्यामुळे ती आपल्याला आपली वाटत नाही. ती आपली आहे.

पाकिटातलं ओळखपत्र काढून पाहा. नागरिकाचं कार्ड गुलाबी, पीआरचं निळं. हे दोन रंग १९६६ साली आले. त्याच्या वीस वर्षं आधी या बेटावर 'नागरिक' असं कुणी नव्हतंच. होती ती प्रजा.

१८६७ पर्यंत सिंगापूरचा कारभार कलकत्त्याहून चालायचा. १८२५ पासून हिंदुस्थानातले जन्मठेपेचे कैदी इथे आणले गेले. त्यात बंगाल आणि मद्रासचे होते, तसे मुंबई इलाख्यातलेही होते. सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल आणि आजचा इस्ताना, या दोन्ही इमारतींवर त्यांचा घाम सांडला आहे. १८७३ मध्ये तो तुरुंग बंद झाला तेव्हा सुटलेल्यांतले कित्येक इथेच राहिले, बायकामुलं करून स्थिरावले. तुम्ही इथले की तिथले, असं त्यांना कुणी विचारलं नाही. विचारायला तसा कायदाच नव्हता. एकाच राणीच्या प्रजेला एका घाटावरून दुसऱ्या घाटावर नेलं होतं, एवढंच.

पण 'एकाच राणीची प्रजा' हेही पूर्ण खरं नव्हतं. समजा, १९३०च्या दशकात तांजोंग पगारच्या धक्क्यावर एकाच बोटीतून तीन मराठी माणसं उतरली. एक रत्नागिरीचा, दुसरा कोल्हापूरचा, तिसरा गोव्यातल्या पेडण्याचा. तिघांची भाषा एक, जेवण जवळपास एक, गणपतीची आरतीही एकच. पण कागदावर तिघं तीन प्रकारचे. रत्नागिरी ब्रिटिश हिंदुस्थानात, म्हणून तिथला माणूस 'ब्रिटिश प्रजाजन'. कोल्हापूर संस्थान, म्हणून तिथला माणूस छत्रपतींची प्रजा आणि ब्रिटिश कायद्याच्या भाषेत फक्त 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ती'. सांगली, सावंतवाडी, बडोदा, ग्वाल्हेर, निजामाच्या राज्यातलं औरंगाबाद आणि नांदेड, या सगळ्यांची हीच गत. आणि पेडण्याचा माणूस पोर्तुगालचा, म्हणजे ब्रिटिशांच्या दृष्टीने चक्क परका. एरवी या फरकाने त्यांचं काही अडलं नसतं. अडलं असतं ते मतदानाची वेळ आल्यावर.

ती वेळ आली २० मार्च १९४८ला. सिंगापूरच्या कायदेमंडळाच्या सहा जागांसाठी पहिली निवडणूक झाली. मतदार व्हायचं तर ब्रिटिश प्रजाजन असणं आवश्यक होतं, आणि नाव नोंदवणं ऐच्छिक होतं. सुमारे साडेनऊ लाख वस्तीच्या शहरात जेमतेम बावीस हजार लोकांनी नाव नोंदवलं. त्यातले जवळजवळ निम्मे भारतीय होते! १९४७च्या जनगणनेत भारतीयांचं प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपास होतं. चीनमध्ये जन्मलेली माणसं, तीस-चाळीस वर्षं इथे दुकान चालवून इथेच म्हातारी झालेली, मतदार होऊ शकत नव्हती. आणि काही वर्षांपूर्वी मद्रासहून आलेला कारकून होऊ शकत होता.

अल्पसंख्याकांच्या इतिहासाबद्दल बोलताना आपण सहसा आपल्यावर झालेल्या अन्यायापासून सुरुवात करतो. म्हणून ही आठवण मला महत्त्वाची वाटते. एके काळी या बेटावरच्या रेघेच्या बऱ्या बाजूला भारतीय होते, आणि त्यासाठी त्यांनी काही केलेलंही नव्हतं.

चिनी वाणिज्य मंडळाने मग ही मागणी लावून धरली. सुमारे दोन लाख वीस हजार चीनमध्ये जन्मलेले रहिवासी नागरिकत्वाविना आहेत, त्यांना हक्क द्या. १९५५-५६ मध्ये डेव्हिड मार्शल यांच्या काळात हा प्रश्न राजकारणाच्या मध्यावर आला आणि लिम यू हॉक मुख्यमंत्री असताना १९५७ साली नागरिकत्वाचा कायदा झाला. सिंगापुरात जन्मलेले (राजनैतिक अधिकाऱ्यांची मुलं वगैरे वगळता) आपोआप नागरिक झाले. मलायातले आणि ब्रिटनचे नागरिक दोन वर्षांच्या रहिवासावर नोंदणी करू शकत होते. इतर कुणीही, मग तो कुठलाही असो, दहा वर्षं इथे राहिला असेल आणि निष्ठेची शपथ घ्यायला तयार असेल तर नागरिक होऊ शकत होता. १ नोव्हेंबरपासून नोंदणी सुरू झाली आणि लोकांनी रांगा लावल्या.

आज ही उदारता वाचून आश्चर्य वाटतं. पगार किती, शिक्षण किती, वय काय, असलं काही नाही. दहा वर्षं आणि एक शपथ. १९५९च्या निवडणुकीत मतदारांची संख्या पाच लाख ऐंशी हजारांच्या वर गेली. अकरा वर्षांपूर्वी ती बावीस हजार होती, हे लक्षात घ्या.

मग सगळेच भारतीय धावत जाऊन नागरिक का झाले नाहीत? कारणं तुम्हाला ओळखीची वाटतील. भारताच्या राज्यघटनेने आणि १९५५च्या नागरिकत्व कायद्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, हे स्पष्ट केलं होतं. नेहरूंचं धोरणही तेच होतं. परदेशातल्या भारतीयांनी एक काय ते ठरवावं, आणि तिथलं नागरिकत्व घेतलं तर तिथले म्हणून मनापासून राहावं. पण ठरवणं सोपं नव्हतं. या भारतीयांत मोठा भाग एकट्या पुरुषांचा होता. बायकोमुलं केरळात, तमिळनाडूत, पंजाबात. दर महिन्याला मनीऑर्डर जायची, तीन-चार वर्षांनी एकदा गावी फेरी व्हायची, म्हातारपणी परत जायचं हे मनात पक्कं असायचं. १९५३ पासून नव्या कामगारांना प्रवेश जवळपास बंद झाला होता, पण आत असलेल्याला कुणी हात लावत नव्हतं. नोकरी होती, खोली होती. कागदाने नक्की काय फरक पडणार होता? बघू.

खरं म्हणजे तोवर काहीच फरक पडत नव्हता. आणि तिथेच सगळी मेख आहे. हक्काचं दार उघडं होतं तेव्हा त्याची गरज भासत नव्हती.

मधल्या काळात एका शब्दावरून जे रामायण झालं, तेही थोडक्यात सांगतो. सिंगापूर मलेशियात विलीन व्हायचं ठरत होतं. नोव्हेंबर १९६१च्या मसुद्यात सिंगापूरच्या नागरिकांना मोठ्या संघराज्याचे 'राष्ट्रीय' म्हटलं होतं, 'नागरिक' नाही. बारिसान सोशॅलिस या विरोधी पक्षाने तोच धागा पकडला. आम्ही दुय्यम दर्जाचे का? हा आरोप इतका झोंबला की सार्वमताच्या जेमतेम दोन आठवडे आधी, ऑगस्ट १९६२ मध्ये, ली क्वान यू यांनी टुंकू अब्दुल रहमान यांच्याकडून तो शब्द बदलून घेतला. हक्कांमध्ये फारसा बदल झाला नाही, सिंगापूरकरांचं मतदान सिंगापुरातच राहणार होतं. बदलला तो एक शब्द. १ सप्टेंबरला सुमारे ७१ टक्के मतं सरकारच्या पर्यायाला पडली, आणि विरोधकांच्या हाकेला ओ देऊन पाव हिस्सा मतदारांनी कोऱ्या मतपत्रिका टाकल्या.

९ ऑगस्ट १९६५ला सिंगापूर वेगळं झालं. नव्या देशापुढे बेकारी होती, आणि बेकारी असली की कुठलंही सरकार आधी आपल्या माणसांचं बघतं. त्याच वर्षी रोजगार नियमनाचा कायदा झाला. महिना ७५० डॉलरपर्यंत कमावणाऱ्या प्रत्येक बिगर-नागरिकाला वर्क परमिट घेणं सक्तीचं झालं. वीस-वीस वर्षं इथे काम केलेल्यांनाही. पुढच्या वर्षी कार्डांना दोन रंग आले. कालपर्यंत एकाच खोलीत राहणाऱ्या, एकाच गोदीत काम करणाऱ्या दोघांपैकी एकाच्या खिशात गुलाबी कार्ड आलं, दुसऱ्याच्या खिशात निळं.

त्याचा खरा अर्थ कळला तो १९६८च्या जानेवारीत. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी जाहीर केलं की १९७१च्या अखेरीपर्यंत ब्रिटिश फौजा सिंगापूर सोडणार. आज ही बातमी आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातली एक ओळ वाटते. तेव्हा देशाच्या उत्पन्नाचा सुमारे पाचवा भाग या लष्करी तळांवर अवलंबून होता, आणि हजारो माणसं थेट तिथे नोकरीला होती. सेंबावांगच्या नौदल तळावर भारतीयांची मोठी वस्ती होती, त्यात मल्याळी सर्वांत जास्त. कारकून, फिटर, भांडारपाल, स्वयंपाकी. तळाच्या आतच क्वार्टर्स, शाळा, खेळाची मैदानं, देवळं. बाहेरच्या सिंगापूरशी त्यांचा संबंध बेताचाच. मालक ब्रिटनचं नौदल, देश भारत, आणि राहणं सेंबावांगला. असा तो संसार होता.

तळ बंद होणार म्हटल्यावर नव्या नोकऱ्या आणि फेरप्रशिक्षण यांत पहिला मान नागरिकांचा, हे ओघाने आलं. निळ्या कार्डाच्या माणसाला बाहेर काम मिळवायचं तर परमिट हवं, आणि पन्नाशीच्या फिटरला परमिट देऊन कामावर घेणार कोण? नोकरीबरोबर क्वार्टरही जाणार होतं. कायमचा देश सोडणाऱ्याला सीपीएफमधले पैसे काढून घेता येत होते. तेवढे घेऊन आणि ट्रंका बांधून पुष्कळ जण भारतात परतले. काहींची मुलं इथेच शाळेत वाढली होती, मलय फाडफाड बोलत होती, आणि 'घरी' म्हणजे ज्या गावी नेलं जात होतं ते त्यांनी उन्हाळ्याच्या एका सुट्टीत पाहिलेलं होतं.

जनगणनेत हे दिसतं. १९५७ मध्ये सिंगापूरच्या लोकसंख्येत भारतीय ९ टक्के होते. १९७० मध्ये ७ टक्के, १९८० मध्ये ६.४. आकडा घसरण्यामागे एक मोठं कारण ही परतलेली माणसं होती. तो पुन्हा नऊ टक्क्यांवर जायला २०१० उजाडलं, आणि ती भरती करणाऱ्यांत तुम्ही-आम्ही आहोत.

त्यांच्यावर अन्याय झाला का? माझं मत विचाराल तर सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही. १९५७ मध्ये दार उघडं होतं, हे खरं. नवा देश आपल्या नागरिकांना आधी पोसणार, हेही समजण्यासारखं आहे. पण वीस वर्षं एका ठिकाणी राबलेल्या माणसाचा त्या ठिकाणावर काही हक्क तयार होतो की नाही, या प्रश्नाचं उत्तर त्या वर्षांत कार्डाच्या रंगाने दिलं गेलं, आणि ते उत्तर बहुतेकांना नोकरी गेल्यावर कळलं.

ती ७५० डॉलरची रेघ पुसली गेलेली नाही. तिच्याच पोटी आजची सगळी पासची उतरंड जन्माला आली. २०२५ पासून नव्या एम्प्लॉयमेंट पाससाठी महिना किमान ५,६०० डॉलर पगार लागतो, बायकोमुलांना डिपेंडंट पासवर आणायला ६,०००. आपल्यापैकी बहुतेक जण या शिडीच्या वरच्या पायरीवरून आत आले आणि पुढे पीआर झाले. खालच्या पायरीवर बांधकामावरचा वर्क परमिटवाला आहे. त्याला कुटुंब आणता येत नाही, इथल्या नागरिकाशी किंवा पीआरशी लग्न करायचं तर मनुष्यबळ मंत्रालयाची परवानगी लागते. वर्क परमिटवर एकूण किती वर्षं काम करता येईल यावरची मर्यादा जुलै २०२५ पासून काढून टाकली गेली. म्हणजे तो आता वयाच्या साठीनंतरही इथे राबू शकतो. पण त्या वर्षांची बेरीज होऊन त्यातून निळं कार्ड निघत नाही. १९५७च्या कायद्याने त्याला दहा वर्षांनी शपथ देऊन नागरिक केलं असतं.

आता जरा घटनेकडे वळू, कारण तिथे आपल्या अभिमानाची एक गोष्ट दडलेली आहे. सिंगापूरच्या राज्यघटनेचं कलम १२ समानतेचं. पहिल्या पोटकलमात 'सर्व व्यक्ती' कायद्यापुढे समान आहेत. दुसऱ्यात धर्म, वंश, कुळ किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून भेदभाव करायला मनाई आहे, पण तिथे शब्द आहे 'नागरिक'. ही रचना आली कुठून? सिंगापूरने ती १९६५ मध्ये मलेशियाच्या घटनेतून घेतली. मलायाची घटना १९५६-५७ मध्ये लॉर्ड रीड यांच्या आयोगाने तयार केली, त्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश बी. मलिक हे भारतीय सदस्य होते, आणि मूलभूत हक्कांसाठी आयोगाने भारताच्या राज्यघटनेचा मोठा आधार घेतला. आपलं कलम १४ 'कोणतीही व्यक्ती' म्हणतं आणि कलम १५ 'नागरिक'. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीतून निघालेली ही वाट क्वालालंपूरमार्गे इथे पोचली. रेघही तिच्याबरोबरच आली. भारतातल्या परदेशी माणसालाही कलम १५चं संरक्षण नाही, हे आपण तिकडे असताना कधी लक्षात घेतलं होतं?

'जन्मस्थान' हा शब्द मात्र तुमच्या कामाचा आहे. एकदा गुलाबी कार्ड आलं की तुम्ही सोलापुरात जन्मलात की सेंगकांगमध्ये, यावरून कायदा भेद करू शकत नाही. अपवाद आहेत. नोंदणीने मिळालेलं नागरिकत्व काही विशिष्ट परिस्थितीत काढून घेता येतं. आणि १९५७ मध्ये इथला जन्म पुरेसा होता, तसा तो आज नाही. आईवडिलांपैकी एकही नागरिक नसेल तर इथल्या हॉस्पिटलात जन्मलेलं बाळ जन्माने नागरिक होत नाही. निळ्या कार्डाखाली वाढलेल्या आपल्या मुलग्यांना नॅशनल सर्व्हिसचं पत्र मात्र येतं.

गुलाबी कार्डाने सगळे प्रश्न सुटतात असंही नाही, कारण काही रेघा नागरिकत्वाच्या नाहीत, वंशाच्या आहेत. १९६६ मध्ये मुख्य न्यायाधीश वी चाँग जिन यांच्या आयोगाने अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा विचार केला. त्यातून पुढे अल्पसंख्याक हक्कांसाठीची राष्ट्राध्यक्षीय परिषद आली. डेव्हिड मार्शल सुरुवातीला तिचे सदस्य होते. बैठका बंद दाराआड होतात म्हणून थोड्याच महिन्यांत राजीनामा देऊन ते बाहेर पडले. १९८८ मध्ये गट-मतदारसंघ आले, प्रत्येक गटात एक अल्पसंख्याक उमेदवार आवश्यक. १९८९ मध्ये एचडीबीच्या वसाहतींत वंशनिहाय कोटा आला. वेगळ्या वस्त्या होऊ नयेत हा हेतू चांगलाच होता, आणि आपले शेजारी चिनी, मलय, तमिळ आहेत याचं श्रेय त्याला जातं. पण ब्लॉकमधला चिनी कोटा भरला असेल तर तुम्हाला घर चिनी गिऱ्हाइकाला विकता येत नाही. गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव कमी. अशा अडकलेल्या घरमालकांकडून फ्लॅट परत विकत घेण्याची सोय २०२२ मध्ये करावी लागली. मलेशियन सोडून इतर पीआर कुटुंबांवर २०१० पासून वेगळा कोटा आहे, तो निराळाच.

आणि भाषा. घटनेने तमिळला राजभाषेचा मान दिला. ज्या भारतीयांची भाषा तमिळ नाही त्यांच्यासाठी १९९०पासून शालेय परीक्षेत हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू आल्या. मराठी नाही. आपली संख्या तेव्हा होतीच किती! त्यामुळे आपली मुलं 'मदर टंग' या रकान्यात हिंदी लिहितात, आजीशी मराठीत बोलतात, आणि कार्ड निळं असो की गुलाबी, त्यात फरक पडत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये संसदेने कामाच्या ठिकाणच्या न्याय्य वागणुकीचा कायदा मंजूर केला. वय, वंश, धर्म, भाषा, अपंगत्व यांच्याबरोबर राष्ट्रीयत्वावरूनही भेदभाव करायला त्यात मनाई आहे. त्याच कायद्यात नागरिक आणि पीआर यांना झुकतं माप द्यायला मुभाही आहे. १९६५च्या कायद्यात निळं आणि गुलाबी कार्ड रेघेच्या दोन बाजूंना होतं. इथे ती दोन्ही एका बाजूला आली आहेत, पास दुसऱ्या बाजूला. साठ वर्षांत रेघ एवढी सरकली.

एखाद्या रविवारी एमआरटीने कॅनबेरा स्टेशनला उतरा. जुना नौदल तळ याच बाजूला होता. कॅनबेरा, वेलिंग्टन, माँट्रियल अशी कॉमनवेल्थमधल्या शहरांची नावं रस्त्यांना अजून आहेत. तळावरच्या कामगारांनी उभारलेलं बालसुब्रमण्यमचं देऊळ तिथून हलून आता यीशूनच्या औद्योगिक भागात आहे, पंगुनी उत्तिरमला तिथे कावड्यांची मोठी मिरवणूक निघते. जे राहिले त्यांच्यातल्या मल्याळी मंडळींची श्री नारायण मिशन ही संस्था १९४८ पासून चालू आहे. यीशून भागात तिचं वृद्धांसाठीचं नर्सिंग होम आहे. सगळ्या वंशांचे आणि धर्मांचे म्हातारे तिथे शेजारी शेजारी राहतात.